तुम्ही विचारलेत म्हणून: माकुलाच्या (स्क्विडच्या) शिरेत काय आहे?

सुट्टीत रत्नागिरीला आले की मिरकरवाडा बंदरावर कुणी ना कुणी विचारतेच, "मेंदूच्या आजारांचा अभ्यास करतेस, मग माकुलाचे एवढे कौतुक का?" तिथे भाव चाललेला असताना पुरेसे सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

पाण्याची चिळकांडी सोडून माकूल ज्या झटक्याने निसटते, त्यामागे त्याचे राक्षसी अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीतून संदेश पुढे नेणारे लांब जाड धागे, असतात. प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ साली त्यांच्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. काही जातींत हा तंतू जवळजवळ १ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे त्यातील गर दाबून बाहेर काढता येतो आणि पेशीकायांपासून (चेतापेशींच्या केंद्रक असलेल्या मुख्य भागांपासून) वेगळा तपासता येतो. माझ्या दृष्टीने खरे मोल या वेगळेपणाचे आहे.

त्या गरात मज्जातंतुकांचे (न्यूरोफिलामेंट नावाच्या प्रथिनांचे) लांब धागे असतात. अक्षतंतूला आकार आणि बळकटी त्यांच्यामुळे येते. कायनेज विकरे एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूमधील फॉस्फेट काढून या प्रथिनांच्या सेरिन या अमिनो आम्लावर बसवतात आणि फॉस्फटेज विकरे तो उतरवतात. माणसाच्या सर्वांत मोठ्या मज्जातंतुक-प्रथिनाच्या शेपटीत लायसिन-सेरिन-प्रोलिन हा अमिनो आम्लांचा क्रम चाळीसहून अधिक वेळा येतो, म्हणजे फॉस्फेट बसायला जागा भरपूर. फॉस्फेटच्या ऋण भारामुळे शेपट्या परस्परांना दूर ढकलतात आणि म्हणून अक्षतंतू जाड होतो, असे पुष्कळ काळ मानले जाई. उंदरांवरील प्रयोगांनंतर मात्र ते इतके सरळ राहिलेले नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचेच. माकुलात कायनेजे पेशीकायेतही असतात आणि अक्षतंतूतही, परंतु मज्जातंतुकांवर फॉस्फेट भरभरून चढतो तो अक्षतंतूत. पेशीकायेत विकर आणि प्रथिन दोन्ही हजर असूनही काम होत नाही, याचा अर्थ पेशी त्याला जागा पाहून परवानगी देते. ही शिस्त मोडली तर काय होते, ते माणसात दिसते. एएलएस या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आजारात फॉस्फेटने लादलेले मज्जातंतुक प्रेरक पेशींच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या) कायेतच साचलेले आढळतात. सीडीके-५ हे कायनेज विकर एरवी पी-३५ या सोबती प्रथिनाच्या आधाराने चालते. पेशीत कॅल्शियम वाढले की कॅल्पेन हे प्रथिने तोडणारे विकर पी-३५ तोडून पी-२५ तयार करते, आणि ते जास्त टिकत असल्याने सीडीके-५ नको तिथे, नको तितके काम करत राहते. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनावर फॉस्फेटचा अतिरेक होतो, त्यात या विकराचाही हात असावा असे मानतात.

बंदरावर माकूल साफ होताना माझी नजर त्याच्या पिशवीच्या आतल्या बाजूकडे जाते, ती या तंतूंसाठी.