हळदी-कुंकू बदकाची नऊ पिल्लं

पुण्यातल्या पाषाण तलावावर मी कितीतरी वर्षं जातेय, पण हळदी-कुंकू बदकाची पिल्लं नीट बघायला मिळाली ती यंदाच. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. रात्रभर पाऊस लागून राहिला होता आणि राम नदीचं गढूळ पाणी तलावात येत होतं. जलपर्णीच्या कडेने आई बाहेर आली. काळ्या चोचीचं टोक पिवळंधमक आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन लाल ठिपके. ज्याने या पक्ष्याला हे नाव दिलं त्याची नजर काय असेल! तिच्या मागे एका ओळीत पिल्लं. मोजली, नऊ होती.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. चांगला कोन मिळावा म्हणून गवतातून थेट पाण्यापर्यंत गेले. आईने एकच खर्जातला आवाज काढला आणि नऊच्या नऊ पिल्लं पाणगवतात दिसेनाशी झाली. ती मात्र उघड्या पाण्यावर आली आणि एक पंख मोडल्यासारखा आपटत, फरपटत उलट दिशेला निघाली. माझं लक्ष स्वतःकडे ओढून घेत होती. कॅमेरा खाली ठेवला आणि पाय न वाजवता मागे सरकले. ती परत यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात घारीने वर दोन फेऱ्या मारल्या. ती वीस मिनिटं मला अजून आठवतात.

मग ठरवलं, आपण जायचं नाही, त्यांना येऊ द्यायचं. सूर्य पाठीशी राहील अशी दूरची जागा धरली (किनारा कोणता ते लिहीत नाही, घरट्यांच्या आणि पिल्लांच्या जागा जाहीर करू नयेत असंच मला वाटतं). उजाडायच्या आत पोचायचं, नऊपर्यंत हलायचं नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून, शिवून त्यात तांदूळ भरले आणि ती पिशवी चिखलाशेजारी ठेवून त्यावर १५०-६०० मिमीची, दूरचं जवळ आणणारी लेन्स टेकवली. पिल्लाच्या नजरेच्या पातळीवर यायचं तर पोटावर झोपावंच लागतं. पहिले दोन दिवस दिसले ते फक्त वारकरी आणि टिबुकल्या हे पाणपक्षी. तिसऱ्या दिवशी आई स्वतःहून समोरून गेली, पिल्लांना घेऊन, अगदी सावकाश.

घरी येऊन बघते तर बहुतेक फोटोंत पिल्लांना डोळाच नाही. पिवळसर चेहऱ्यावर डोळ्यातूनच एक काळी पट्टी जाते, त्यामुळे काळा डोळा तिच्यात हरवतो. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला तरच पिल्लू जिवंत वाटतं. म्हणजे ढग थोडे फाटलेले हवेत आणि पिल्लाने मान माझ्याकडे वळवलेली हवी. शटर १/१६०० सेकंदावर ठेवलं, कारण ही पिल्लं एका जागी थांबत नाहीत. पाण्यावर माशी बसली की अख्खं अंग उचलून झेप घेतात, चोच मिटते आणि पुन्हा पोहायला लागतात. त्या वयात त्यांचं पोट बरंचसं अशा किड्यांवरच भरतं.

हे मला एका काकांना दाखवता आलं. ते पावाची पिशवी घेऊन आले होते.

"काका, पाव नका टाकू, प्लीज."

"अहो, एवढीशी आहेत, भुकेली असतील ना?"

मी स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला. पिल्लाच्या चोचीतून माशीचा एक पंख बाहेर आलेला. पावाने नुसतं पोट भरतं, वाढीला लागतं ते त्यातून मिळत नाही, आणि उरलेला पाव पाण्यात सडतो, हेही सांगितलं. काका बराच वेळ फोटो बघत राहिले. मग पिशवीची गाठ मारली आणि म्हणाले, "उद्या दुर्बीण आणतो." आणलीही.

दुसऱ्या आठवड्यात पिल्लं सात होती, सप्टेंबर संपताना पाच. कुणी नेली ते दिसलं नाही. मुंगूस, कुत्री, घार, तिथे सगळेच आहेत. रोज सकाळी आधी मोजायचे, मगच कॅमेरा काढायचे. पाच हा आकडा तीनदा मोजला तरी पाचच येतो, हे स्वीकारायला वेळ लागला.

उडता यायला त्यांना जवळपास दोन महिने लागतात. ऑक्टोबरच्या मध्यावर पाचही जण आईएवढे दिसू लागले होते. चोचीच्या टोकाला पिवळसर झाक आली होती, कुंकू मात्र अजून नव्हतं. एकाने पाण्यात उभं राहून पंख झाडले. पिसांच्या नळ्यांतून नवी पिसं अर्धी बाहेर आलेली अगदी स्पष्ट दिसत होती. आई शेजारीच होती, मान पंखात खुपसून. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.