आमची वाटचाल: आधी प्रिंट, मग पैसे

2006 साली सांगलीत मारुती चौकाजवळ आठ बाय दहाचा गाळा घेतला, तेव्हा पाटीवर 'झेरॉक्स, टायपिंग' एवढंच होतं. रिफिलिंग, म्हणजे प्रिंटरच्या रिकाम्या शाईच्या डबीत (कार्ट्रिजमध्ये) परत शाई भरणं, आलं ते आमच्याच गरजेतून. दुकानातल्या प्रिंटरला एचपीचं 21 नंबरचं काळं कार्ट्रिज लागायचं. नवीन घ्यायला सहा-सातशे, आत शाई 5 मिली. प्रोजेक्टच्या दिवसांत ते आठवडाभरही पुरेना. मग मेडिकलमधून सिरिंज आणली, पुण्याहून शाईची बाटली, आणि वरचं लेबल सोलून भोकात सुई घातली.

पहिली चार गळाली. शाई जोरात दाबली की स्पंजात हवा अडकते आणि वरून भरलेलं खालून टेबलावर येतं. हळूहळू सोडायची, स्पंजाला पिऊ द्यायची, वर तरंगायला लागली की थोडी परत ओढून घ्यायची. एवढं कळायला महिना गेला. तोवर माझी बोटं अशी काळी झाली होती की सौ.नी पोळीच्या डब्याला हात लावू दिला नाही.

गिऱ्हाईक वाढलं, आणि एकदा चांगलाच फटका बसला. एक वकीलसाहेब कार्ट्रिज घेऊन आले. भरलं, ओल्या टिश्यूवर टेकवलं, काळा कुळकुळीत पट्टा उमटला. 80 रुपये घेतले. तासाभरात ते दावा हातात घेऊन परत हजर, प्रत्येक ओळीत पांढऱ्या रेघा. चार लोकांसमोर मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

चूक माझीच होती. या कार्ट्रिजांमध्ये कागदावर शाई उडवणारं हेड कार्ट्रिजलाच असतं. हेडच्या प्रत्येक बारीक छिद्रामागे (नोझलमागे) केसाहून बारीक हीटर, तो शाईचा बुडबुडा करतो आणि बुडबुडा थेंब बाहेर ढकलतो. (कॅननच्या प्रयोगशाळेत 1977 मध्ये तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून सिरिंजच्या सुईला लागलं, शाई उडाली, त्यातून ही कल्पना निघाली म्हणतात. आमची सिरिंज म्हणजे तशी घरचीच!) हीटर थंड राहतो तोही शाईमुळेच. साहेबांनी कार्ट्रिज कोरडं पडल्यावरही चार दिवस रेटलं होतं, हीटर जळाले होते. टिश्यू फक्त शाई झिरपते का ते सांगतो, हीटर जिवंत आहे का ते नाही. तेव्हापासून दुकानातच प्रिंट काढून दाखवतो आणि मग पैसे घेतो. आणि प्रिंट फिकी होताच भरायला आणा, संपायची वाट बघू नका, हे प्रत्येकाला सांगतो.

भरल्यावरही संगणक 'शाई संपली' म्हणतो, याने लोक घाबरतात. प्रिंटर शाई बघत नाही, किती वापरली याची नुसती मोजदाद करतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की तो मुकाट चालतो. कार्ट्रिज ओळखतच नसेल तर तांब्याचे पॉइंट मऊ फडक्याने पुसून बघा. निम्मी दुरुस्ती तिथेच होते, त्याचे आम्ही काही घेत नाही.

2011 नंतर इंक टँकवाले, म्हणजे बाटलीतून थेट टाकीत शाई ओतायचे प्रिंटर आले आणि रिफिलचं काम बसलं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर गाळात मॅजेंटा (गुलाबी) शाईचा एक लांबलचक ओघळ. बाकी सगळं एकाच रंगाचं.

परत उभं राहिलो ते लॉकडाऊननंतर. ऑनलाइन शाळेसाठी घरोघरी घेतलेले प्रिंटर शाळा सुरू होताच कपाटात गेले, आणि उन्हाळ्यात हेड सुकली. लोक मग एकामागून एक दहा वेळा हेड क्लीनिंग मारतात. ती सगळी शाई खालच्या पॅडमध्ये जाते, पॅड भरलं की मशीन बंद. दोनदा मारा, रात्रभर थांबा, सकाळी परत एकदा. आठवड्याला एक रंगीत पान काढलंत तर माझ्याकडे यावंच लागणार नाही.

परवा एक काकू टँकवाला प्रिंटर रिक्षातून मांडीवर घेऊन आल्या. पिवळ्या टाकीत निळी शाई ओतलेली.

"नातवाने मदत केली हो," म्हणाल्या.

"प्रिंट काढली का काकू?"

"एकच. हळदीकुंकवाची पत्रिका. हळद हिरवी आली."

सिरिंज घेऊन बसलो. टाकी, नळी, हेड, सगळं स्वच्छ व्हायला दोन दिवस लागले.