गाडी चांगली शे, पन भरशी कोठे?

एमबीएच्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पाला विषय घेतला तो हायड्रोजन फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजनपासून स्वतःच वीज बनवून चालणारी कार बाजारात कशी आणायची, हा. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटा मिराई या हायड्रोजनच्या कारमध्ये बसून संसदेत गेले, तेव्हापासून ही गाडी डोक्यात होती. मागून फक्त पाणी बाहेर पडतं, टाकी पाचेक मिनिटांत भरते, एका टाकीत साडेसहाशे किलोमीटरचा दावा.

पहिला आराखडा तीस पानांचा झाला. किंमत, जाहिरात, शोरूम, पुण्या-मुंबईतला पैसेवाला ग्राहक. घरी आबांना वाचून दाखवला. आबा २५ वर्षं धुळ्यात भाड्याची गाडी चालवतात; कापडाच्या व्यापाऱ्यांना सूरतला नेणं-आणणं हा मुख्य धंदा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी चांगली शे रे भाऊ, पन भरशी कोठे?"

पंपाचा उल्लेख तीस पानांत एकदाच होता, 'पंप उभारले जातील' एवढाच. त्या रात्री मी आराखडा बाजूला ठेवला आणि गाडीऐवजी एका किलो हायड्रोजनपासून सुरुवात केली.

पाण्यापासून १ किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यावर कार साधारण १०० किलोमीटर जाते. तेवढंच अंतर बॅटरीवरची कार पंधरा-अठरा युनिटांत कापते. हे आकडे समोर आले तेव्हा विषयच बदलावा असं वाटलं. आबांनी त्यांचा हिशोब सांगितला: १८ चा अ‍ॅव्हरेज, म्हणजे शंभर किलोमीटरला साडेपाच लिटर डिझेल, पाचशे रुपये. मी युनिट ६ रुपयांनी धरलं तर एका किलोला नुसत्या विजेचेच ३३० झाले. उरलेल्या १७० रुपयांत यंत्रसामग्री, वायू ७०० बारपर्यंत दाबणं, पंप आणि नफा बसवायचा. (टायरमध्ये हवा अडीच बार असते, यावरून ७०० चा अंदाज यावा.) बसत नाही. घरगुती ग्राहक मी तिथेच सोडला. रोज लांब पळणारी, चार्जिंगला तासभर उभं राहणं न परवडणारी आणि रात्री ठरलेल्या जागी परतणारी गाडी, हाच पहिला ग्राहक. धुळे-सूरत जाऊन-येऊन साडेचारशेच्या आसपास, म्हणजे एका टाकीत फेरी. मग एका पंपाच्या भरवशावर वीस गाड्या चालू शकतात. मुंबई-आग्रा आणि सूरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यातच भेटतात, त्यामुळे पुढे ट्रकही त्याच पंपावर येतील. ही जागा मला अजूनही योग्य वाटते.

दुसरा अडथळा उन्हाचा. फ्युएल सेलचं तापमान ८० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं आणि त्याची जवळजवळ सगळी उष्णता रेडिएटरमधूनच बाहेर जाते. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुरासोबत तरी निघून जाते. बाहेर ४४ अंश असताना उष्णता बाहेर टाकायला त्या रेडिएटरला तापमानाचा फार थोडा फरक मिळतो. त्यात सेलच्या आतला पातळ पडदा ओलसर राहावा लागतो आणि आपली हवा कोरडी. प्रकल्पाच्या मॅडमना हा भाग सगळ्यात आवडला. परवानग्यांचं प्रकरण त्या मानाने सरळ निघालं: साठवणुकीसाठी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, मुख्यालय नागपूरला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न लावून धरला: एकुलता पंप बंद पडला तर? मी कॅलिफोर्नियाचं उदाहरण दिलं. शेलने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथले कारसाठीचे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले आणि ज्यांनी गाड्या विकत घेतल्या होत्या ते अडकले. म्हणून माझ्या आराखड्यात गाडी विकायची नाही, महिन्याच्या भाड्याने द्यायची, इंधन भाड्यातच. पंप थांबला तर भाडंही थांबेल. आबांसारख्या माणसाने कर्ज काढून हा धोका अंगावर घ्यावा, हे मला पटत नाही.

"घाटात चालेल का?" आबांनी विचारलं. धुळे-सूरत रस्त्यावरच्या कोंडाईबारी घाटाचं मोजमाप माझ्याकडे नव्हतं, तसं सांगितलं. आता आराखड्यात पहिल्या वर्षाची पहिली नोंद अशी आहे: मे महिना, दुपारी दोन, पाच माणसं आणि कापडाचे गठ्ठे भरून कोंडाईबारी चढायची. गाडी चालवायला आबा तयार आहेत.