चुलीत जाणारं सोडण ते काथ्याचा सुंभ: आमची वाटचाल

कोकणात नारळ सोलला की सोडण, म्हणजे त्याचं वरचं जाड साल, न्हाणीच्या चुलाणात जायचं, हे ठरलेलं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या घरीही पावसाआधी सोडणांची रास पडवीत रचून ठेवायची आणि वर्षभर त्यावर पाणी तापवायचं, अशीच रीत होती. पुढे घरोघरी गॅस आला, गीझर आले आणि सोडणांना कुणी विचारेना. बागायतदार ती बांधावर लोटून पेटवून द्यायला लागले. धूर दोन-दोन दिवस वाडीत कोंडून राहायचा. २०१२ साली आम्ही काथ्याचं काम सुरू केलं ते हे जळताना बघवेना म्हणून.

नारळाचा काथ्या हा फार जिद्दीचा धागा आहे. त्यात लिग्निन ४० टक्क्यांहून अधिक असतं. कापसात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, आणि म्हणूनच होडीच्या दोरापासून विहिरीच्या राजूपर्यंत (पाणी शेंदायच्या दोरापर्यंत) सगळीकडे पूर्वी हाच असायचा. केरळात हिरवी सोडणं खाडीच्या पाण्यात सहा ते दहा महिने कुजवून पांढरा, मऊ काथ्या काढतात. आम्हाला मिळतात ती पिकल्या नारळाची सोडणं, म्हणून आमचा काथ्या तपकिरी आणि जाडसर. सोडणं काही दिवस भिजत घालायची, मग डिकॉर्टिकेटर मशीनमध्ये ती झोडली जातात आणि धागा एकीकडे, भुसा दुसरीकडे पडतो.

सूत कातायला बायका तयार करणं हे मशीन बसवण्यापेक्षा कठीण होतं. १९५३ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या कॉयर बोर्डाच्या महिला कॉयर योजनेतून तेव्हा कताईचं प्रशिक्षण आणि मोटारीच्या रहाटाला (सूत कातायच्या चाकाला) अनुदान मिळायचं. आमच्याकडच्या पहिल्या बायका तिथेच शिकल्या. पण हात बसला तो वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकांमुळे. त्यांनी तरुणपणी हाताच्या रहाटावर सुंभ वळला होता. ओटीत काथ्या घ्यायचा, टोक रहाटाच्या आकड्याला अडकवायचं आणि बोटांतून सारखा काथ्या सोडत मागे मागे चालत जायचं. अशा दोन लडी झाल्या की खाचांच्या लाकडी ठोकळ्यावरून त्या उलट्या पिळानं एकत्र करायच्या. दोन पीळ एकमेकांविरुद्ध ओढतात, म्हणून सुंभ सुटत नाही. काका तयार सुंभाचा हातभर तुकडा घेऊन तो सैल सोडायचे. तो स्वतःभोवती सारखे वेढे घेत वळला तर माल चांगला, एका जागी ढिला पडला तर परत पाठवायचे. ‘सुंभ हातात घेवन बघ गो, नुसत्या डोळ्यान काय कळाचा नाय,’ असं म्हणायचे. आजही प्रत्येक गुंडी बांधण्याआधी ही परीक्षा होते, कुणाचंही काम असो.

सुरुवातीला आम्ही हत्ती, माकडं, नारळाच्या शेंडीच्या बाहुल्या असं बरंच केलं. पर्यटक घ्यायचे, फोटो काढायचे. पण हत्ती माणूस एकदाच विकत घेतो. पायपुसणं झिजलं की तेच गिऱ्हाईक पुन्हा फोन करतं. हस्तकला टिकवायची असेल तर ती रोजच्या वापरात असली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. शोकेसमध्ये ठेवायच्या वस्तूवर आठ-दहा घरांची चूल पेटत नाही. म्हणून आम्ही मागावर पायपुसणी विणायला घेतली. खाचेच्या सळईभोवती सूत गुंडाळत विणायचं आणि मग खाचेतून सुरी फिरवून ते कापायचं, म्हणजे वर ब्रशासारखे केस उभे राहतात. शेवटी कात्रीनं पृष्ठभाग सपाट करायचा. हे काम अंगावर येतं, काथ्यानं बोटांना घट्टे पडतात. म्हणून मजुरी ठरवताना घासाघीस करणाऱ्या व्यापाऱ्यांशी आम्ही व्यवहार ठेवत नाही. एका मोठ्या दुकानानं प्लास्टिकच्या पायपुसण्याचा भाव आमच्यापुढे ठेवला होता. आम्ही ती ऑर्डर घेतली नाही.

२०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखरासाठी काथ्याच्या जाळ्या, तोरणं, कमानी यांची मागणी सुरू झाली. आमच्या भागात नैसर्गिक धाग्यांची सवय तशी जुनीच. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला, कवंडळ, नारळ, आंब्याचे टाळ बांधायला केवणीच्या सालीचे दोर, अबोलीच्या वळेसराला (गजऱ्याला) केळीचा सोप. त्यामुळे काथ्याचं मखर इथे कुणाला परकं वाटलं नाही. लॉकडाऊनच्या काळात शहरातल्या लोकांनी बाल्कनीत बागा केल्या, आणि काथ्याच्या कुंड्या, वेली चढवायच्या काठ्या यांनी आमची शेड चालू ठेवली.

भुशाबद्दल सांगायलाच हवं, कारण सोडणाच्या वजनात काथ्या साधारण ३० टक्के आणि बाकी सगळा भुसा. हा भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो, पण त्यात क्षार असतात. न धुता रोपाला घातला तर रोप करपतं. आम्ही तो गोड्या पाण्यानं धुऊन काजूच्या कलमांच्या रोपवाटिकांना देतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या काजूच्या जाती इथे सगळीकडे लावतात, त्यामुळे रोपवाटिका भरपूर आणि गिऱ्हाईक दाराशी.

पावसाळा मात्र दरवर्षी परीक्षा बघतो. जून ते सप्टेंबर काथ्या वाळत नाही आणि ओलसर माल गठ्ठ्यात बांधला की बुरशी धरते. म्हणून आमचं वर्ष उलटं चालतं: उन्हाळ्यात काथ्या काढून, वाळवून, जमिनीपासून उंच फळ्यांवर रचायचा आणि पावसात फक्त कताई-विणाई करायची. नवीन बाई कामाला आली की तिला आधी मालाचा ओलावा ओळखायला शिकवतो, रहाट नंतर.

आता डोळा आहे तो काथ्याच्या भूवस्त्रावर. घाटरस्त्याच्या कापलेल्या उतारांवर ही जाळी अंथरली की माती धरून राहते, गवत रुजतं, आणि गवताची मुळं घट्ट झाली की जाळी तिथेच कुजून जाते. आमचा माग त्यासाठी अरुंद पडतो. रुंद मागाची चौकशी केली आहे, जागेसाठी शेडची मागची भिंत काढावी लागेल. ते काम या दिवाळीनंतर हातात घ्यायचं ठरलं आहे.