सिदी न्सिरच्या आठ तोफा

ब्रिटिश तोफखान्याच्या इतिहासात मोठ्या लढायांची वर्णने विपुल सापडतात. मला मात्र १७२व्या फील्ड रेजिमेंटच्या १५५व्या बॅटरीचा, म्हणजे आठ तोफांच्या तुकडीचा, एकच दिवस पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. २६ फेब्रुवारी १९४३ रोजी ट्युनिशियातील सिदी न्सिर येथे, बेजा शहराकडे जाणाऱ्या वाटेवर, हॅम्पशायर रेजिमेंटच्या ५व्या बटालियनसह ही बॅटरी जर्मन रणगाड्यांसमोर उभी ठाकली आणि त्या रणगाड्यांत अवाढव्य टायगरही होते.

बॅटरीच्या तोफा २५ पाउंडर होत्या. २५ पाउंडर ही मुळात सुमारे १२ किलोमीटरपर्यंत, टेकडीआडच्या लक्ष्यावर मारा करणारी तोफ. पण तिच्या चाकांखाली एक गोल लोखंडी चक्र अंथरता येई आणि त्यावर एकटा गडीही तिचे तोंड झटकन फिरवू शके. म्हणूनच रणगाडे जवळ आल्यावर गोलंदाजांना थेट नेम धरून त्यांच्यावर भरीव गोळे डागता आले. संध्याकाळी, रणगाडे अंगावर आल्याचे सांगणारा शेवटचा बिनतारी संदेश आला. आठही तोफा गेल्या. बॅटरीतल्या सुमारे १३० जणांपैकी अवघे ९ जण आपल्या फौजेपर्यंत पोहोचले. (बाकीचे सारेच मारले गेले असे नव्हे; अनेक जण कैदी झाले.) मिळालेल्या त्या एका दिवसात मागच्या हंट्स गॅप या खिंडीची मोर्चेबंदी मजबूत करता आली आणि पुढील हल्ले तिथेच अडले.