तीन की दोन?

कायद्याच्या पुस्तकांचे मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी भारतीय संविधानाच्या मराठी आवृत्तीची प्रुफे माझ्याकडे आली आणि प्रत्येक घटनादुरुस्ती अधिनियम शेजारी ठेवून संहिता ओळीने ताडून पाहायची, अशी शिस्त मी स्वतःला लावून घेतली.

अनुच्छेद २२ पाशी अडलो. प्रतिबंधक स्थानबद्धतेतील, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून अटकेत ठेवलेल्या व्यक्तीला, त्या स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे असा सल्लागार मंडळाचा अहवाल असल्यावाचून तीन महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवता येणार नाही, असे प्रुफात होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीच्या कलम ३ मध्ये मात्र ही मुदत दोन महिन्यांवर आणलेली होती, शिवाय मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार व्हावी आणि अध्यक्ष विद्यमान न्यायाधीशच असावा, असेही त्यात होते. संसदेने मंजूर केलेली दुरुस्ती इतकी वर्षे कोणाच्या नजरेतून कशी सुटली, याचे नवल वाटले आणि, खरे सांगायचे तर, आनंदही झाला. लाल शाईने ‘तीन’ खोडून मी ‘दोन’ केले.

वरिष्ठ संपादकांनी पान पाहिले आणि ती दुरुस्ती २० जून १९७९ पासून लागू करणारी अधिसूचना माझ्यापुढे ठेवली. “कोणती कलमे अंमलात आली, ते मोठ्याने वाचा.” यादी कलम २ वरून थेट ४ वर जात होती.

“तीन राहिलेले दिसते,” मी म्हणालो.

“राहिलेले नाही, ठेवलेले आहे.”

दुरुस्ती केव्हा अंमलात आणायची, तीही कलमागणिक वेगवेगळ्या तारखांना, हे ठरवण्याचे काम त्या अधिनियमाने केंद्र सरकारवर सोपवले होते. त्याच अधिसूचनेने अनुच्छेद ३१ वगळला जाऊन मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून बाहेर पडला आणि साधा घटनात्मक हक्क म्हणून अनुच्छेद ३००क मध्ये आला; कलम ३ ला मात्र तारीख मिळाली नाही. ए. के. रॉय खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानेही बहुमताने, सरकारला तारीख जाहीर करण्याचा आदेश देण्यास नकार दिला. संविधान बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३६८ ने संसदेला दिलेला असताना त्या बदलाची किल्ली मंत्रालयाच्या खणात पडून राहावी, हे मला आजही पटत नाही.

पुढे याच्या उलट प्रकारही हाताळावा लागला. ९९ व्या दुरुस्तीने आलेला, न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठीच्या न्यायिक नियुक्ती आयोगाचा अनुच्छेद १२४क सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवला, तरी त्याचा मजकूर संहितेत छापावाच लागतो. तो रद्दबातल आहे, हे केवळ तळटीप सांगते.

त्या दिवशी मी खोडलेल्या ‘तीन’खाली ठिपके दिले आणि समासात ‘तसेच ठेवा’ असे लिहिले. आजही नवी आवृत्ती हाती आली की आधी अनुच्छेद २२ चे पान उघडतो, कलम ३ ची अधिसूचना निघाली का हे तपासतो आणि ‘तीन’ला हात न लावता पुढच्या पानाकडे वळतो.