तुम्ही विचारलंत म्हणून: सिकू एकटीनं का वाजवत नाही?

घरी येणाऱ्या बहुतेकांची नजर बैठकीतल्या भिंतीवर जाते. तिथे बोरूच्या सात नळ्या ओळीनं बांधलेलं एक वाद्य टांगलंय. "बोलिव्हियात शिकलात ना? मग एखादं गाणं होऊन जाऊ दे की!" मी नाही म्हणते आणि लोकांना वाटतं, लाजते. खरं कारण वेगळं आहे. माझ्याकडे गाण्याचे अर्धेच स्वर आहेत.

अँडीज पर्वतातल्या आयमारा या मूळनिवासी लोकांचं हे वाद्य म्हणजे सिकू. स्पॅनिशमध्ये त्याला साम्पोन्या म्हणतात. त्याच्या ओळी दोन: सहा नळ्यांची इरा आणि सात नळ्यांची आर्का. इरा पुढे जाणारी, आर्का तिच्या मागून येणारी. स्वर एकाआड एक वाटलेले. सा इराकडे, रे आर्काकडे, ग इराकडे, म आर्काकडे, असं करत वरचा सा आर्काच्या वाट्याला येतो. म्हणजे साधं सारेगमसुद्धा एका ओळीवर पुरं होत नाही. दोन माणसं लागतात.

नोकरीमुळे मी अडीच वर्षं बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात होते. लहानपणी बासरी वाजवली होती, त्यामुळे हे सोपं जाईल असं वाटलं. पण बासरीत बोटं काम करतात, इथे बोटांना कामच नाही. नळी खालून बंद, वरच्या काठावर ओठ टेकवून फुंकायचं. बंद असल्यामुळे तेवढ्याच लांबीच्या उघड्या नळीपेक्षा स्वर सप्तकभर खाली लागतो आणि श्वास भराभर संपतो. त्यात शहर ३,६०० मीटर उंचीवर. पहिल्या आठवड्यात चार फुंकांत डोळ्यांपुढे अंधारी यायची. फुंकर लांबवायची नसते, पोटातून झटका देऊन सोडायची असते, हे समजायलाच महिना गेला.

आमचे माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, तितिकाका सरोवराकाठच्या गावातले. कोरड्या दिवसांत सिकू, पावसाळ्यात पिंकियू आणि तार्का या बासऱ्या, ही तिकडच्या गावांची जुनी रीत ते शहरातही पाळत. पाऊस लागला की फेब्रुवारी-मार्चमधला कार्निव्हलचा सण होईपर्यंत सिकूची शिकवणी बंद. त्यांनी मला आर्का दिली आणि इरा दिली एका निवृत्त शिक्षिकेला. तिचा स्वर विरायच्या आत माझा लागला पाहिजे, दोन्ही किंचित एकमेकांवर चढले पाहिजेत, मध्ये फट नको. आणि ती वाजवत असते तेवढ्यात मला श्वास घेता येतो. माझ्या मते त्या विरळ हवेत ही वाटणी अगदी शहाणपणाची आहे.

हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला आजीचं जातं आठवलं. आजी आणि धाकटी आजी समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात. अर्धा फेरा हिनं ओढायचा, अर्धा तिनं. पीठ कुणी दळलं, हे सांगता येत नसे.

पण मला घाई झाली होती. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी बाजारातून एक इरा आणली, दोन्ही ओळी एकत्र बांधल्या आणि घरी एकटीच पूर्ण धून बसवली. त्यात गैर काही नाही, मंचावर अनेक वादक तसंच वाजवतात. पुढच्या सरावाला मात्र माझी आर्का सारखी आधीच लागत होती. जोडीदारणीचा स्वर ऐकायचंच मी सोडून दिलं होतं, तो माझ्या डोक्यात आधीच वाजलेला असायचा. ती दोनदा थांबली, तिसऱ्यांदा तिनं वाद्य मांडीवर ठेवलं. काही बोलली नाही. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

माएस्त्रोंनी माझ्या पिशवीतली जोडी बाहेर काढली, दोरी सोडली आणि दोन्ही ओळी वेगळ्या केल्या. इरा माझ्या हातात देत म्हणाले, "ही कुणाला तरी दे."

परत येईपर्यंत ती तशीच ट्रंकेत राहिली. जोडीदारणीबरोबर फोनवर वाजवून पाहिलं, पण आवाज अर्धा-एक सेकंद उशिरा पोहोचतो आणि तेवढ्यात सगळं विस्कटतं. शेवटी जूनमध्ये ती इरा भाचीला दिली. ती बारा वर्षांची आहे, दर रविवारी येते. आधी नुसती हवाच यायची, आता सहापैकी चार नळ्या बोलायला लागल्यात.

दिवाळीत या.